ऊब आधी, दूध नंतर : आईविना राहिलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना बाटलीने दूध कसं पाजावं

दिवाळीनंतर निपाणी, चिकोडी, अथणी भागात ऊसतोड सुरू झाली की फडात कुत्र्याची पिल्लं सापडतात. पाचट ओढताना डोळे मिटलेली चार-पाच पिल्लं उघडी पडतात आणि कुत्री माणसांच्या गलबल्याने लांब पळालेली असते. हायवेलगतच्या गावांत वेगळीच तऱ्हा. रात्री कुत्री गाडीखाली जाते आणि सकाळी तिची पिल्लं धाब्यामागे केकाटत असतात. घरातलं कुणीतरी कळवळून ती घरी आणतं, गाईचं दूध कोमट करून चमच्याने तोंडात ओततं, आणि दुसऱ्या दिवशी त्यातली निम्मी गेलेली असतात. मग सगळे म्हणतात, आईविना ती जगतच नाहीत.

जगतात. माझ्या पाहण्यात अशी पिल्लं उपासाने फार कमी दगावली. बहुतेक गेली ती गार अंगावर दूध पाजल्याने, किंवा दूध श्वासनलिकेत गेल्याने. या दोन्ही गोष्टी टाळता येतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

उचलण्याआधी थांबा

पिल्लं एकमेकांना बिलगून शांत झोपली असतील, अंगाला ऊब असेल, पोटं गोल असतील, तर त्यांची आई आसपासच आहे. खाणं शोधायला ती तास-दोन तास जाते. अशा वेळी माणसांनी तिथून बाजूला व्हावं आणि लांबून नजर ठेवावी. फडात तोड चालू असेल तर मुकादमाला सांगून पिल्लं एका बुट्टीत घालावीत आणि जवळच्याच बांधावर, सावलीत, कुत्रीला दिसतील अशी ठेवावीत. बहुतेक वेळा ती येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते. माणसाचा हात लागला की कुत्री पिल्लं टाकते, असं आपल्याकडे म्हणतात. ते खरं नाही.

पिल्लं गार लागली, मुंग्या चढल्या असतील, रडणं थांबतच नसेल, किंवा आई मेलेली डोळ्यांनी पाहिली असेल, तर मात्र वाट न बघता उचला.

उचलल्यावर गावात एक चौकशी जरूर करा. कुणाच्या गोठ्यात, वखारीत नुकतीच व्यायलेली, तीन-चारच पिल्लांची कुत्री आहे का? दूध असलेल्या कुत्रीने पिल्लं स्वीकारली तर बाटलीपेक्षा ते शंभर पटीने बरं. तिच्या पिल्लांखालचं फडकं नव्या पिल्लांच्या अंगावरून फिरवा, म्हणजे वास एक होतो. मग एकेक करून तिच्याजवळ सोडा आणि पहिले काही तास तिथून हलू नका. ती गुरगुरली तर लगेच काढून घ्या. दुसऱ्याची पिल्लं सोडण्याआधी तिच्या मालकाला विचारा, आणि पिल्लांची आई आजारी होती अशी शंका असेल तर हा मार्ग धरूच नका.

जन्मून एक दिवसही झाला नसेल तर दूध देणाऱ्या कुत्रीची गरज आणखी मोठी. पिल्लाला रोगांशी लढायची जवळजवळ सगळी ताकद आईच्या चिकातून मिळते, आणि ती पोटातून रक्तात शोषली जाण्याची सोय जन्मानंतर साधारण २४ तासांत बंद होते. चीक न मिळालेलं पिल्लूही वाढवता येतं, पण त्याच्या बाबतीत स्वच्छता फार कडक पाळावी लागते.

वयाचा अंदाज असा काढा. नाळेचा वाळलेला तुकडा लोंबत असेल तर पिल्लू एक ते तीन दिवसांचं. नाळ गळलेली आणि डोळे मिटलेले असतील तर दोन आठवड्यांच्या आतलं. डोळे साधारण १० ते १४ दिवसांत उघडतात आणि तिसऱ्या आठवड्यात हिरड्यांतून दात टोचू लागतात. पुढचं सगळं वेळापत्रक या अंदाजावर बसतं.

ऊब

नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. थंडीने कुडकुडणंसुद्धा त्याला अजून जमत नाही. पहिल्या आठवड्यात निरोगी पिल्लाच्या अंगाचं तापमान ९५ ते ९८ अंश फॅरनहाइट असतं, म्हणजे मोठ्या कुत्र्यापेक्षा बरंच कमी. ते ९५ च्या खाली गेलं की आतडी काम करणं थांबवतात. तेव्हा पोटात गेलेलं दूध पचत नाही, तिथेच आंबतं, पोट फुगतं आणि पिल्लू जातं. बेळगाव-खानापूरकडची डिसेंबरची रात्र किंवा जांबोटी-कणकुंबीचा पाऊस आठवा. उघड्यावर सापडलेलं पिल्लू गारच असणार, हे धरूनच चला.

थर्मामीटर असेल तर त्याचं टोक खोबरेल तेलात बुडवून गुदद्वारात अलगद अर्धा इंच सरकवा. डिजिटल थर्मामीटर वापरा, काचेचा नको. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ करंगळी पिल्लाच्या तोंडात घाला. तोंडाचा आतला भाग गार लागला आणि पिल्लू बोट चोखत नसेल, तर दुधाचं नावसुद्धा काढू नका.

गरम करताना घाई नको. एक ते तीन तासांत हळूहळू अंग तापलं पाहिजे. सगळ्यात सोपी आणि खात्रीची जागा म्हणजे तुमची छाती. पिल्लू सुती फडक्यात गुंडाळून सदऱ्याच्या आत, अंगाला लावून ठेवा आणि वरून वाकळ घ्या. गरम पाण्याच्या बाटल्या वापरायच्या तर त्या टॉवेलात गुंडाळा, दोन्ही बाजूंना ठेवा, आणि पाणी निवलं की बदला. निवलेली बाटली उलट पिल्लाची ऊब ओढून घेते. चुलीच्या तोंडाशी किंवा शेकोटीजवळ पिल्लू ठेवू नका, त्याची कातडी भाजते आणि त्याला सरकून बाजूला होता येत नाही. ओलं असेल तर आधी कोरडं करा.

गरम होत असताना पिल्लू फारच मलूल वाटलं तर ग्लुकोजच्या पाण्यात किंवा मधात बोट बुडवून हिरड्यांवर चोळा. फक्त चोळायचं, घशात थेंब सोडायचा नाही.

नंतरच्या मुक्कामाला पुठ्ठ्याचं खोल खोकं घ्या. तळाला गोणपाट, त्यावर जुनं सुती लुगडं किंवा चादर. घोंगडी थेट अंगाखाली नको, तिच्या दशांत नख्या आणि पाय अडकतात. खोक्याच्या एकाच बाजूला ऊब द्या, दुसरी बाजू मोकळी राहू द्या, म्हणजे उकडलं तर पिल्लू सरकेल. पहिल्या आठवड्यात उबेच्या बाजूला साधारण ३० ते ३२ अंश सेल्सिअस, दुसऱ्या आठवड्यात २७ ते २९, तिसऱ्यात २४ ते २६ एवढं पुरतं. आता घरोघरी एलईडी बल्ब आहेत आणि त्यांनी ऊब येत नाही. कोंबडीची पिल्लं वाढवणारे जे तारेचे पिवळे बल्ब वापरतात ते आणा, आणि हात खाली धरून चटका बसत नाही एवढ्या उंचीवर टांगा. रात्री लाइट जाईल हे गृहीत धरून गरम पाण्याच्या बाटल्यांची तयारी ठेवाच. सगळी पिल्लं एकावर एक चढून ढीग करत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. चारी कोपऱ्यांत पसरून तोंड उघडून ओरडत असतील तर उकडतं आहे. शेजारी शेजारी पसरून झोपली की नेमकं जमलं.

दूध कोणतं

कुत्रीच्या दुधात स्निग्धांश साधारण ९ टक्के आणि प्रथिनं साडेसात टक्क्यांच्या आसपास असतात. गाईच्या दुधात हे आकडे जेमतेम ४ आणि सव्वातीन, आणि दुधातली साखर मात्र कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त. म्हणून गाईच्या दुधावर पिल्लू एकाच वेळी उपाशीही राहतं आणि हगवणीनं वाळतंही. पाकिटातलं दूध नंदिनीचं असो की गोकुळचं, माणसासाठी ते उत्तम आहे, नवजात पिल्लासाठी अपुरं आहे. त्यात पाणी घालून 'हलकं' करणं म्हणजे असलेली ताकदही काढून घेणं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश बरा असतो, पण प्रथिनं कमी आणि साखर जास्त. तान्ह्या बाळांची पावडरही याच कारणाने चालत नाही.

हवी ती पिल्लांसाठीच बनवलेली दुधाची पावडर, जिला दुकानदार मिल्क रिप्लेसर म्हणतात. रॉयल कॅनिनचं बेबीडॉग मिल्क, बीफारचं लॅक्टोल, पेटएगचं एस्बिलॅक अशी नावं आहेत. खेड्यात ती मिळणं कठीण, बेळगाव किंवा कोल्हापूरच्या पेट शॉपला आधी फोन करून विचारा आणि मगच गाडी काढा. ऑनलाइन मागवली तर ती येईपर्यंतचे दिवस पिल्लाकडे नसतात.

तोवरच्या एक-दोन दिवसांसाठी घरी करता येतं ते असं. एक कप, म्हणजे साधारण २४० मिली, उकळून कोमट केलेलं सायीसकट दूध घ्या. शेळीचं मिळालं तर तेच घ्या, धनगरवाड्यावर मिळून जातं. त्यात ३ अंड्यांचे फक्त पिवळे बलक, एक मोठा चमचा वास नसलेलं खाद्यतेल आणि चिमूटभर मीठ घालून चांगलं घुसळा आणि सुती कापडातून गाळा. पांढरा बलक घालू नका. यात कच्चं अंडं असतं म्हणून अंडी ताजी हवीत आणि उरलेलं दूध फ्रिजमध्येच हवं. पावडर आली की हे बंद करा.

पावडर कालवताना डब्यावरचं प्रमाण काटेकोर पाळा. कंपनीगणिक ते वेगळं असतं. पोट भरावं म्हणून घट्ट केलं तर हगवण लागते किंवा शी अडकते, पुरवून वापरावं म्हणून पातळ केलं तर वजन वाढत नाही. पाणी उकळून कोमट केलेलं घ्या, कढत पाण्यात गुठळ्या होतात. हलवल्यावर फेस बसू द्या, फेसाबरोबर हवा पोटात जाते. कालवलेलं दूध फ्रिजमध्ये २४ तासांपर्यंत ठेवता येतं, पण एकदा गरम करून पाजलेलं उष्टं दूध परत ठेवायचं नाही. पाजताना ते ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास हवं, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर ना गरम ना गार लागतो. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करून तापवा.

बाटली आणि बूच

पेट शॉपमध्ये ३०-६० मिलीची छोटी बाटली आणि बारीक बुचं, म्हणजे चोखायची रबरी टोकं, मिळतात. बुचाला भोक बहुतेक वेळा आपणच पाडायचं असतं. बारीक सुई तापवून टोचा आणि बाटली उलटी धरून बघा. हलकं दाबल्यावर थेंब थेंब पडला पाहिजे. धार लागली तर ते बूच टाकून द्या, त्याने पिल्लू गुदमरेल. थेंबही पडत नसेल तर भोक किंचित वाढवा, नाहीतर पिल्लू दमून झोपतं आणि आपल्याला वाटतं पोट भरलं.

बाटली मिळेपर्यंत बिनसुईची १ किंवा २ मिलीची सिरिंज चालते, पण थेंब जिभेवर सोडायचा, पिल्लाने गिळल्यावरच पुढचा. मोठी सिरिंज पटकन दाबली जाते. बाळाचं बोंडलं, चमचा, कापसाचा बोळा, यांतलं काहीही वापरू नका. बोंडल्याने आणि चमच्याने दूध ओतलं जातं आणि गिळायचा वेग पिल्लाच्या हातात राहत नाही. बोळ्याचे तंतू पोटात जातात. नळीने थेट पोटात दूध सोडायची पद्धत आहे, पण ती डॉक्टरांनी समोर बसून शिकवल्याशिवाय करू नये.

प्रत्येक वेळी बाटली, बूच साबणाने धुऊन उकळत्या पाण्यात ५ मिनिटं ठेवा.

पाजणं

इथे सगळ्यात जास्त पिल्लं गमावली जातात, म्हणून सावकाश वाचा.

आपण बाळाला मांडीवर उताणं घेऊन पाजतो. पिल्लाला तसं कधीही घ्यायचं नाही. उताण्या पिल्लाचं दूध फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांत न्यूमोनियाने ते जातं. टेबलावर किंवा मांडीवर टॉवेल पसरा आणि पिल्लू पोटावर ठेवा, आईला पिताना असतं तसंच. चारही पाय खाली, मान सरळ, डोकं किंचित वर. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गालांच्या दोन्ही बाजूंना, तळवा खांद्यांमागे. पुढच्या पायांखाली टॉवेलची गुंडाळी द्या, पिल्लाला रेटायला काहीतरी लागतं.

बुचावर दुधाचा एक थेंब आणून तो ओठांना लावा. तोंड उघडलं नाही तर जबड्याच्या कोपऱ्यात बोटाने हलका दाब द्या. बूच जिभेच्या वर गेलं पाहिजे, खाली नाही. बाटली साधारण ४५ अंशांत तिरपी धरा म्हणजे बुचात हवा राहत नाही.

पिल्लाने नीट धरलं की ते लगेच कळतं. जीभ खालून पन्हाळीसारखी वळून बुचाला वेढते आणि तिच्या कडा ओठांच्या कोपऱ्यांतून दिसतात. कान प्रत्येक घोटाबरोबर बारीक हलतात. पुढचे पंजे टॉवेलवर आळीपाळीने दाबू लागतात. बाटलीत बुडबुडे वर चढताना दिसतात. बाटली हलकी मागे ओढली तर पिल्लू ती सोडत नाही. हे सगळं दिसत असताना तुम्ही बाटली दाबायची गरज नाही. ओढू दे त्यालाच.

नाकातून दूध किंवा बुडबुडे आले तर लगेच बाटली काढा, डोकं खाली करून नाक पुसा आणि पिल्लू शांत होईपर्यंत थांबा. बुचाचं भोक तपासा. ते ठीक असूनही पुन्हा पुन्हा असं होत असेल तर डॉक्टरांना टाळू दाखवा, काही पिल्लांची टाळू जन्मतःच फाटलेली असते. पिताना खोकणारं, नंतर खुरखुर आवाजाने श्वास घेणारं पिल्लू त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

पिऊन झालं की पिल्लू खांद्याशी उभं धरून पाठीवर हलकं थोपटा, ढेकर येऊ द्या. पोट भरलेलं पण मऊ लागलं पाहिजे. टणक ढोलासारखं लागलं तर जास्त झालं.

किती आणि किती वेळा

वजनाशिवाय हा हिशेब होत नाही. १ ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा, बाकी कशाहीपेक्षा त्याचा उपयोग जास्त. दर १०० ग्रॅम वजनाला दिवसभरात सुमारे २० मिली दूध लागतं. एका वेळी पोटात मावतं ते दर १०० ग्रॅमला ४ मिलीच्या आसपास. म्हणजे ३०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला ६० मिली, आठ वेळा पाजलं तर प्रत्येक वेळी साडेसात मिली, आणि कितीही मागितलं तरी एका वेळी १२ च्या वर नाही. पहिल्या दिवशी याच्या निम्म्याने सुरुवात करा आणि दोन-तीन दिवसांत पूर्ण प्रमाणावर या. डब्यावर तक्ता असेल तर त्याच्याशी पडताळून घ्या.

पहिल्या आठवड्यात दर २ ते ३ तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्यात ३ ते ४ तासांनी. तिसऱ्या-चौथ्यात ४ ते ६ तासांनी. रात्रीच्या पाळ्या घरात वाटून घ्या, एकट्याने हे ओढलं तर चौथ्या रात्री झोपेत बाटली दाबली जाते. पिल्लू कमी प्यायलं म्हणून पुढच्या वेळी दुप्पट भरू नका.

अथणी, रायबाग आणि पलीकडच्या बागलकोट भागात मुधोळ कुत्री पाळणाऱ्यांना एक सांगायचं आहे. मोठ्या वेतात एखाद-दुसरं बारकं पिल्लू आचळापासून ढकललं जातं. ते आईपासून तोडू नका. त्याला आधी मोकळ्या आचळाला लावा, मागची आचळं जास्त भरलेली असतात, आणि कमी पडेल तेवढंच बाटलीने द्या.

शी-शू

तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही, आई चाटून करवते. तुम्ही ते केलं नाही तर पोट आणि मूत्राशय फुगून पिल्लू दगावतं. प्रत्येक पाजणीनंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शूची जागा आणि गुदद्वार हलक्या हाताने पुसत राहा. मिनिटभरात शू होते. शी दर वेळी होईलच असं नाही. झाल्यावर कोरडं पुसा.

शूचा रंग फिकट हवा, गडद पिवळी झाली तर अंगातलं पाणी कमी पडतं आहे. शी पिवळसर आणि टूथपेस्टइतकी घट्ट हवी. पातळ पिवळी म्हणजे बहुधा दूध जास्त झालं. पांढुरकी, करडी किंवा हिरवी झाली तर पचन बिघडलं आहे, डॉक्टरांना विचारा.

वही

रोज एकाच वेळी, पाजण्याआधी वजन करून लिहा. प्रत्येक पिल्लाच्या गळ्याला वेगवेगळ्या रंगाचा सैल लोकरीचा धागा बांधा आणि तो दर दोन दिवसांनी सैल करत जा. जन्मवजनाच्या ५ ते १० टक्क्यांनी रोज वाढ झाली पाहिजे, ८ ते १० दिवसांत वजन दुप्पट. एक दिवस वजन थांबलं तर सावध व्हा, घटलं तर दवाखाना गाठा. पिल्लू रडायला लागण्याच्या आदल्या दिवशीच काटा हे सांगतो. वहीत तारीख, वेळ, दूध, वजन, शी एवढंच हवं, आणि आकडे इंग्रजी लिहा. दवाखान्यातले डॉक्टर कन्नड बोलणारे असोत की मराठी, त्यांना पिल्लाची पूर्ण हकिगत त्या पानावर मिळते. तालुक्याच्या सरकारी पशु दवाखान्याची वेळ आधीच विचारून ठेवा, आणि १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर भिंतीवर लिहा.

रेबीज आणि पिसवा

आई कशाने मेली हे माहीत नसेल, किंवा ती लाळ गाळत, चावत फिरत होती असं कुणी सांगितलं, तर हे पहिल्यांदा डॉक्टरांना सांगा. पिल्लाचे दात लागले, किंवा लाळ जखमेवर पडली, तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा. एवढ्याशा पिल्लाने काय होतंय, असं म्हणून थांबू नका. लहान मुलांना पिल्लाकडून तोंड चाटून घेऊ देऊ नका, आणि घरच्या कुत्र्यांपासून पिल्लं वेगळ्या खोलीत ठेवा.

पिसवा आणि गोचीड हाताने, बारीक फणीने काढा. गोठ्यात जनावरांवर मारायचं औषध पिल्लावर मारलं तर विषबाधा होते. फार पिसवा असतील तर कोमट पाण्याने धुऊन लगेच पूर्ण कोरडं करा आणि परत उबेत ठेवा.

तीन आठवड्यांनंतर

दात आले, पिल्लू धडपडत चालू लागलं की साडेतीन-चार आठवड्यांत उथळ ताटलीत दूध आणि भिजवलेलं पिल्लांचं खाद्य यांचं पातळ कालवण ठेवा. बोटाने ओठांना लावा, ते चाटायला शिकतं. हळूहळू घट्ट करत न्या. उकडलेलं अंडं, मीठ-मसाला-कांदा-लसूण न घातलेली शिजवलेली कोंबडी बारीक करून घालता येते. दुधात बुडवलेल्या बिस्किटांवर आणि भाकरीच्या काल्यावर पिल्लू वाढत नाही. पाणी ताटलीत नेहमी असू द्या. बाटली एकदम तोडू नका, आठवड्याभरात कमी करत आणा.

जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, डॉक्टरांनी वजनावर सांगितलेल्या मात्रेत. पार्व्हो आणि डिस्टेंपरची पहिली लस ६ ते ८ आठवड्यांत, रेबीजची तीन महिन्यांना. भावंडं असतील तर आठ आठवड्यांपर्यंत वेगळी करू नका, चावणं कुठे थांबवायचं ते एकमेकांकडूनच शिकतात. कुणाला पिल्लू द्यायचं झालं तर ते या वयानंतर द्या, आणि सोबत वहीतली पानं आणि लशीचं कार्ड द्या.